थेंबाची साक्ष

मराठीत समीक्षा कशाची झालेली नाही? कवितेची झाली, कादंबरीची झाली, नाटकाची तर मध्यंतरातल्या बटाटेवड्याबरोबरच उरकली. समीक्षेचीही समीक्षा झाली आणि तिच्यावर परिसंवाद झाले. पण मोटारीला लावायच्या मेणाच्या डब्यामागे जो मजकूर बारीक टायपात छापलेला असतो, त्याच्याकडे एकाही समीक्षकाने वळून पाहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. वास्तविक हा वाङ्मयप्रकार रसांच्या बाबतीत भलताच संपन्न आहे. आरशासारख्या झळाळीचं वचन हा अद्भुत. ऊन, पाऊस, धूळ आणि खारी हवा या चौघांशी एकट्या डब्याने पुकारलेलं युद्ध हा वीर. पक्ष्यांच्या विष्ठेचा उल्लेख येतो तिथे बीभत्स. किंमत वाचताना करुण. आणि हे सगळं ओलांडून डोळे शेवटच्या ओळीशी पोहोचले, की थोर वाङ्मयाच्या शेवटी भेटते ती संदिग्धता तिथे हात बांधून उभी असते : ‘आवश्यकतेनुसार पुन्हा लावावे.’

प्रस्तुत लेखात मला या एका ओळीचा समाचार घ्यायचा आहे. केवळ हौस म्हणून नव्हे. ही ओळ नीट लावता न आल्यामुळे एका जपलेल्या गाडीचा रंग वर्षानुवर्षं फडक्यावर उतरून नाहीसा झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ती हकीकत पुढे येईल. समीक्षेत आधी तात्त्विक बैठक मांडायची असते, तेव्हा हकीकतीने जरा दम धरावा.

‘आवश्यकतेनुसार’ हा शब्द आपल्याला नवा नाही. पाककृतींच्या पुस्तकांत त्याचा सख्खा भाऊ राहतो : ‘मीठ चवीनुसार’. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याची मापं देऊन नव्या संसारांवर थोर उपकार केले, पण चव हा प्रांत कुठल्याच पुस्तकाला पुरता जिंकता आलेला नाही. तरी मिठाचं एक बरं असतं. आमटी चाखता येते. मीठ कमी पडलं तर घरातली तीन माणसं एका सुरात सांगतात, जास्त पडलं तर कधी न बोलणारं चौथंही बोलतं. मोटारीची चव कोण घेणार? बॉनेटला जीभ लावणारा गृहस्थ अजून माझ्या पाहण्यात नाही, आणि आमच्या सोसायटीत तऱ्हेवाईक माणसांची वाण आहे असं मुळीच नाही.

या अडचणीतून सुटायला काहींनी पंचांगाचा आश्रय केला. ‘दर तीन महिन्यांनी लावा,’ असं ही मंडळी बजावतात. या पंथाची मोठी सोय अशी की विचार करावा लागत नाही. संकष्टीसारखं आहे, दिवस आला की पाळायचा. पण एकाच दिवशी, एकाच डब्यातलं मेण लावलेल्या दोन गाड्या डोळ्यांसमोर आणा. एक तळघरातल्या पार्किंगमध्ये झोपलेली, आठवड्यातून एकदा मंडईपर्यंत जाऊन येणारी. दुसरी रस्त्याच्या कडेला झाडाखाली : वरून चीक, मधूनमधून कावळ्यांचे अभिप्राय, दुपारचं ऊन, आणि रोज सकाळी एका बादलीत बारा गाड्या पुसणाऱ्या इसमाचं तेच ते फडकं. पहिलीचं मेण चार-पाच महिन्यांनीही जागेवर सापडेल, दुसरीचं दोन महिन्यांच्या आतच संपलेलं असेल. जन्मवेळ एक, पत्रिका एक, भोग निराळे. ज्योतिषात अशा प्रसंगी पूर्वजन्म मदतीला येतो. मेणाला पूर्वजन्म नसतो.

मुळात हे मेण म्हणजे काय? डब्यावर ज्याचं नाव मोठ्या कौतुकाने छापलेलं असतं ते ‘कार्नोबा’ म्हणजे ईशान्य ब्राझीलमधल्या ताडासारख्या एका झाडाचं मेण. तिथल्या उन्हात पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड आपल्या पानांवर मेणाचा लेप चढवतं. माणसं ती पानं कापतात, वाळवतात, झोडपतात आणि झडलेली भुकटी गोळा करून वितळवतात. बुटाच्या पॉलिशमध्ये, औषधाच्या गोळ्यांवर, इतकंच काय पोरं खातात त्या रंगीत चकचकीत गोळ्यांवरही हे मेण वापरतात. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. हे ८२ ते ८६ अंशांपर्यंत तग धरतं. स्वभावाने कडक. म्हणूनच त्यात तेलं आणि द्रावणं मिसळून त्याची समजूत काढल्याशिवाय ते डब्यात मऊ बसत नाही.

गाडीवर मात्र त्याचा जो थर उरतो तो इतका पातळ असतो, की रंगाची जाडी मोजायचं जे यंत्र असतं त्याच्या खिजगणतीतही तो येत नाही. निर्गुण, निराकार. आणि निर्गुणाची भक्ती सामान्य माणसाला झेपत नाही, त्याला सगुण रूप लागतं, हे आपल्या संतांनी फार पूर्वी ओळखलं होतं. मोटारवाल्यांनीही आपलं सगुण रूप शोधलं. ते म्हणजे पाण्याचा थेंब.

थेंबाचा पंथ आज जगातला सर्वांत मोठा आहे. त्याचं सूत्र सोपं. गाडीवर पाणी ओता. पाण्याचे टपोरे, गोल मणी झाले तर मेण शाबूत. पाणी पसरून चादरीसारखं वाहून गेलं तर मेण संपलं, नवा डबा आणा. मोबाईलवर हल्ली याची चित्रं दाखवतात : बॉनेटवर थेंब संथ लयीत घरंगळताहेत, मागे सतार वाजते आहे, आणि पाहणारा माणूस ऑफिसला उशीर होत असतानाही हलत नाही. मीही पाहिली आहेत. थेंब दिसायला सुंदर असतो याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्याला साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभं करण्याबद्दल.

खरं म्हणजे थेंब ओळखावा तो मराठी माणसाने. आपल्याकडे ‘अळवावरचं पाणी’ हा वाक्प्रचारच आहे. ज्याच्या घरी मोरीच्या पाण्यावर अळू वाढत होतं त्याला अळूचं पान पाण्याला अंगाला लावून घेत नाही हे कुणी शिकवावं लागलं नाही. कमळाच्या पानाची महती तर गीतेपर्यंत पोचलेली. पण ते पान असं का वागतं हे नीट उलगडून सांगायला १९९७ साल उजाडावं लागलं. बार्थलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवलं, की कमळाच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचे स्फटिक. थेंब जणू उशीच्या टोकांवर तरंगतो, आणि घरंगळताना वाटेतली धूळ स्वतःच्या अंगावर घेऊन जातो. थेंब पृष्ठभागाशी कोणत्या कोनात बसतो यावर त्याची आवडनिवड कळते, ही कल्पना तर त्याहून जुनी, थॉमस यंगची, १८०५ मधली. काटकोनापेक्षा कोन मोठा झाला की पृष्ठभागाला पाणी नकोसं आहे असं समजायचं. कमळाच्या पानावर हा कोन दीडशे अंशांच्या वर जातो. नुकतंच मेण लावलेल्या गाडीवर तो शंभराच्या आसपास रेंगाळतो. म्हणजे कितीही घासली तरी चाळीस रुपयांच्या अळूच्या जुडीची सर लाखांच्या गाडीला यायची नाही. (फदफदं करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून जुडीला थोडा मान द्यावा.)

आता मुद्द्याची गोष्ट. थेंब बोलतो तो फक्त सगळ्यांत वरच्या थराबद्दल. त्याच्या खाली काय आहे, याची त्याला गंधवार्ता नसते. बॉनेटवर आठ दिवसांची धूळ आणि गाड्यांच्या धुराचा चिकट पापुद्रा असेल, तर पाणी त्या धुळीवर पसरतं. खाली मेण अगदी ठणठणीत असलं तरी थेंब सांगतो, ‘मेण नाही.’ उलट एखाद्याने दोन मिनिटांत सिलिकॉनचा फवारा मारून दिला, तर संरक्षण म्हणून शून्य असलं तरी पाण्याचे मोत्यासारखे मणी होतात आणि थेंब शपथेवर सांगतो, ‘मेण आहे.’ हा मुखपृष्ठ पाहून परीक्षण लिहिणारा समीक्षक आहे. असे समीक्षक साहित्यात नाहीत असं नाही. पण तिथे फार तर एखाद्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघत नाही. इथे रंग जातो.

शिवाय साक्ष कुठे घेतली यालाही महत्त्व आहे. टप आणि बॉनेट यांच्यावर ऊन सरळ पडतं. तिथलं मेण आधी जातं. दारं उभी असतात, त्यांच्यावरचं टिकतं. खालच्या कडांवर चाकांनी उडवलेला चिखल रोज सँडपेपरसारखा घासला जातो, तिथलं लवकर संपतं. तेव्हा ‘गाडीचं मेण संपलं का?’ हा प्रश्नच ‘भारतात पाऊस पडतो का?’ यासारखा आहे. कुठे, ते सांगा. दारावर पाणी टाकून सुटकेचा निःश्वास टाकणारे लोक चेरापुंजीचा पाऊस मोजून माणदेशाला ‘चिंता नसावी’ म्हणून तार करणाऱ्यांपैकी आहेत.

आणि गोल थेंब हे भूषण मानलं, तरी त्याचा जाच होतोच. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचे थेंब उन्हात जागच्या जागी वाळले, की प्रत्येक थेंब आपल्यामागे क्षारांचं एक पांढरं कडं ठेवून जातो. काळ्या गाडीवर ही कडी अशी उठून दिसतात, की लांबून पाहणाऱ्याला रांगोळीचे ठिपके काढून कुणी जोडायचं विसरलं आहे असं वाटावं. (उन्हात थेंबाचं भिंग होऊन रंग जळतो, असंही काही जण सांगतात. ते मात्र खरं नाही. थेंब पृष्ठभागाला चिकटून बसतो, त्याचा प्रकाश एकवटायचा तो त्याच्या बराच खाली. रंगाचं नुकसान करतात ते क्षार.) म्हणजे ज्याला आपण वैद्य म्हणून बोलावतो तो जाताना ताप देऊन जातो.

आता ती हकीकत.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून पन्नाशीतला. त्यांच्याकडे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे, रंग मरून. त्या काळी गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, आणि वाट पाहून मिळालेल्या वस्तूला माणूस जसं जपतो तसं काकांनी तिला जपलं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, त्या दिवशी काका जेवले नाहीत. रंग काकूंनी निवडलेला होता. त्यांच्या लग्नातल्या शालूचा. शालू पुढे कसरीने खाल्ला, गाडी राहिली. त्यामुळे त्या रंगाला घरात एक वेगळीच जागा होती, असं म्हटलं तर काकू ‘काहीतरीच’ म्हणतील, पण होती.

काका थेंबाच्या पंथातले. त्यातही कडवे. दर दसऱ्याच्या आधी गाडी सर्व्हिसिंगला जायची. तिथला पोरगा धुळीने माखलेल्या बॉनेटवर मगभर पाणी ओतायचा. धूळच ती, पाणी पसरायचंच.

“काका, वॅक्स संपलंय. बघा, थेंब थांबतच नाही.”

“मग काय करायचं?”

“रबिंग मारून पॉलिश करू. नव्यासारखी करून देतो.”

इथे भाषेने दगा दिला आहे, हे समीक्षक म्हणून मला नोंदवलं पाहिजे. आपल्याकडे गाडी चमकवायच्या सगळ्या क्रियांना ‘पॉलिश’ हा एकच शब्द आहे. वास्तविक त्यात दोन परस्परविरोधी धर्म आहेत. मेण लावणं म्हणजे काहीतरी वर चढवणं. रबिंग म्हणजे दाणेदार लेप घेऊन वरचा थर खरवडून काढणं. पहिलं पांघरूण घालण्यासारखं आहे, दुसरं दाढी करण्यासारखं. आणि दाढी पुन्हा येते, रंग येत नाही. मेण संपल्याची शंका आली म्हणून रबिंग करून घेणं म्हणजे पांघरूण पातळ झालं म्हणून माणसाची कातडी सोलणं आहे. पण बिलावर दोन्ही एकाच ओळीत येतात : ‘रबिंग-पॉलिश-वॅक्स’. द्वंद्व समास.

काकांच्या गाडीसारख्या जुन्या गाड्यांना आजच्यासारखा वर पारदर्शक थर नसे. रंग तोच, चमकही त्याचीच. आमच्या सुतार-रंगाऱ्यांच्या तोंडी अजून ‘ड्यूको’ हा शब्द आहे, तो १९२३ साली अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीने बाजारात आणलेल्या रंगाचं नाव. त्याआधी एक गाडी रंगवून वाळायला काही आठवडे लागत. ड्यूकोने ते काम फार थोडक्या वेळावर आणलं. कंपनी कुठे राहिली, पण नाव आमच्या शोकेसच्या लाकडाला येऊन चिकटलं. तर असा एकेरी रंग उन्हाने वरवर मरतो, खडूसारखा होतो. त्यावर फडकं फिरवलं की तो फडक्यावर येतो. मेणाचं खरं काम हे मरणं लांबवायचं. आणि रबिंगचं काम, मेलेलं खरवडून खालचं जिवंत वर काढायचं. प्रत्येक खेपेला खालचं जिवंत थोडं कमी.

एका दसऱ्याला मी काकांबरोबर गॅरेजमध्ये गेलो होतो. पोराने फडकं पिळून दाखवलं. लालभडक.

“बघ रे,” काका मला म्हणाले, “वर्षभराचा मळ! कसा निघतोय!”

“काका, मळ काळा असतो. हा तांबडा आहे.”

“अरे, मे महिन्यात देवरुखला नव्हतो का गेलो? कोकणातली माती तांबडीच असते.”

याला काय उत्तर आहे? पुराव्याला इतकं चपखल स्पष्टीकरण मिळालं, की भले भले इतिहाससंशोधकसुद्धा थांबतात. मी एवढंच म्हणालो, “काका, डिकीच्या आतला रंग एकदा बघा.” ते काही त्यांनी त्या वर्षी पाहिलं नाही.

रंग पहिल्यांदा कडांवरून जातो. सपाट भागावर यंत्राचा दाब पसरतो, कडेवर एकवटतो. आणि कडेवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो. बॉनेटच्या मधोमध जी उभी रेघ असते, तिच्यावर एका वर्षी करड्या रंगाचा एक केस दिसायला लागला. काकांना वाटलं ओरखडा. पुढच्या दसऱ्याला तो दोरा झाला. त्यापुढच्या वर्षी नाडी. ते अस्तर होतं. एवढी वर्षं थेंबाच्या साक्षीवरून शिक्षा झाली, आणि रंग संपला.

काकूंनी ते पाहिलं तेव्हा त्या फारसं बोलल्या नाहीत. जिना चढताना मला म्हणाल्या, “मी यांना केव्हापासून सांगतेय, ती गाडी आहे की ताम्हण, सणावारी घासायला? आमच्या माहेरचा बाळकृष्ण बघायला हवा होतास. पाच पिढ्यांनी चिंच लावून घासला. आता नाक कुठलं नि डोळा कुठला ते गुरवाला विचारावं लागतं. हातातला लोण्याचा गोळा तेवढा राहिलाय.”

मोटारीच्या रंगावर मी जी काही पुस्तकी माहिती वाचली आहे, तीत या बाळकृष्णाइतकं स्पष्ट काही सापडलेलं नाही. चमक ही नेहमी काहीतरी देऊन घ्यावी लागते. आजच्या गाड्यांचंही तेच. कारखान्यातून येते तेव्हा तिच्यावरचे रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, आणि त्यातला वरचा पारदर्शक थर चाळीस-पन्नासचा. माणसाचा केस सत्तरच्या घरात. म्हणजे केसापेक्षाही पातळ अशा त्या एका पापुद्र्यावर उन्हाशी लढायची सगळी जबाबदारी असते, आणि आपण दरवर्षी त्यातला थोडा खरवडून ‘नव्यासारखी झाली’ म्हणून पेढे वाटतो. फरक इतकाच की पारदर्शक थर फडक्यावर लाल दिसत नाही. जुनी गाडी निदान रक्त दाखवायची.

उरला स्पर्शाचा पंथ. हे लोक धुऊन पुसलेल्या बॉनेटवरून कोरडं फडकं नुसतं टाकून ओढतात. फडकं सुळकन सरकलं तर मेण आहे, अडखळलं तर गेलं. थेंबापेक्षा हा पंथ मला प्रामाणिक वाटतो, कारण निदान गाडी आधी धुवावी लागते. धुळीवरून फडकं ओढलं तर मात्र साक्ष मिळायच्या आत ओरखडे मिळतात. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी जी गोल गोल नक्षी दिसते ती बव्हंशी कोरड्या फडक्याची आणि त्या बारा गाड्यांच्या एका बादलीची. काही जण हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून रंगावरून बोटं फिरवतात. त्याने रंगात रुतलेले खरखरीत कण छान कळतात. मेणाबद्दल काहीच कळत नाही, पण पिशवी चढवलेला हात सर्जनसारखा दिसतो म्हणून ही पद्धत लोकप्रिय असावी.

सिरॅमिक कोटिंगवाल्यांचं मला फार सांगायचं नाही. तो थर मेणापेक्षा पुष्कळ जास्त टिकतो हे खरं. पण तेही विकताना थेंबच नाचवून दाखवतात. आणि वर्ष-दीड वर्षाने थेंब नाचेनासे झाले, की मालक तक्रार घेऊन जातो, दुकानदार नवीन कोट सुचवतो. दोघांच्या मध्ये जी गाडी उभी असते ती फक्त नीट धुवायची राहिलेली असते.

थेंबाला मी सरसकट खोटा साक्षीदार ठरवत नाही. त्याला आधी आंघोळ घालून उभा करावा, एवढंच म्हणणं. गाडी साध्या कार-शाम्पूने, मेण मिसळलेल्या नव्हे, नीट धुवावी. सावलीत गार होऊ द्यावी. मग बॉनेटवर, दारावर नाही, कोपऱ्यातल्या तळहाताएवढ्या जागेत नवं मेण लावून पुसावं आणि तांब्याभर पाणी दोन्हीकडे ओतावं. नव्या चौकोनात गोल मणी आणि बाहेर आडवेतिडवे, काठ फाटल्यासारखे ओघळ, असं दिसलं तर समजावं की उरलेल्या बॉनेटचं मेण गेलं. दोन्हीकडे सारखेच मणी दिसले तर डबा बंद करून घरी जावं. इथे थेंब आपलं मत सांगत नाही, दोन गोष्टींतला फरक दाखवतो. समीक्षकाकडूनही आपण याहून जास्त अपेक्षा करू नये. आणि काही झालं तरी उत्तर ‘मेण लावा’ हेच निघतं; ‘खरवडा’ हे कधीच निघत नाही.

हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, “म्हणजे दसऱ्याला काहीच करायचं नाही?”

“आधी बघायचं, काका. मग करायचं.”

“आणि त्या पट्ट्याचं काय?”

पट्ट्याचं काही करता येण्यासारखं नव्हतं. रंगारी म्हणाला, तो मरून आता कुणी बनवत नाही. बनवून घेतला तरी इतक्या वर्षांच्या उन्हाशी जुळायचा नाही. त्यापेक्षा पूर्ण गाडी नवीन रंगवा. काका डिकीपाशी गेले, झाकण उघडून आतला रंग बराच वेळ बघत राहिले. तो अजून तसाच होता. मग रंगाऱ्याला म्हणाले, “राहू दे.”

त्या दसऱ्याला आम्ही गाडी शाम्पूने धुतली, सावलीत ठेवली, कोपऱ्यात चौकोन केला. काकांनी पूजेतल्या फुलपात्राने पाणी ओतलं. दोन्हीकडे टपोरे मणी. गेल्या वर्षीचं मेण अजून होतं. काकांचा चेहरा वरात परत गेल्यासारखा झाला. त्यांनी तेवढ्यातही पोराला फोन करून ‘येत नाही’ म्हणून सांगितलं, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि पट्ट्यावर बरोबर एक झेंडूचं फूल येईल असा हार काकूंनी पुन्हा सारखा केला.

नवा आणलेला डबा जवळजवळ भरलेलाच राहिला. तो काकू वर घेऊन गेल्या. त्यांच्या सागवानी कपाटाचा मधला खण दर पावसाळ्यात फुगून अडकतो. त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांनी ते ब्राझीलचं कार्नोबा चोळलं. खण आता एका बोटाने सरकतो, म्हणतात.